दहाव्याचे महिपतबुवा

किन्हवलीच्या आसपास कुणाच्या घरी माणूस गेलं, की लाकडं कुठून आणायची, पाव्हण्यांना निरोप कोण देणार, असल्या गोष्टी मागाहून ठरायच्या. आधी एकच विचारलं जायचं, दहाव्याला महिपतबुवा मोकळे आहेत का? नसतील तर घरची माणसं कावरीबावरी व्हायची. माणूस काय, आज ना उद्या जायचंच. पण दहाव्याला बुवा नाहीत म्हणजे गेलेल्याची गावात काय किंमत राहिली, सांगा.

या भागातली रीत अशी, की दहाव्या दिवशी सकाळी सगळी भावकी नदीवर जमते. भटजी पिंडदान करतात, आणि त्याआधी तासभर प्रवचन असतं. रडून रडून कोरड्या पडलेल्या माणसांना, आपलं माणूस का गेलं, हे त्यात नीट समजावून सांगायचं. हे समजावण्यात महिपतबुवांचा हात धरणारा तानशापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत दुसरा कुणी नव्हता. तसे ते एका हायस्कुलात शिपाई. घंटा द्यायची, हजेरीपट वर्गावर पोचवायचे, हेडमास्तरांना चहा आणायचा. पण दहावा निघाला की रजेचा अर्ज टेबलावर आणि बुवा टमटममध्ये. हेडमास्तर हूं की चूं करत नसत. त्यांच्या आईच्या दहाव्याला बुवांनी असं काही प्रवचन केलं होतं, की सासूला जन्मभर पाण्यात पाहणारी हेडमास्तरीणबाईसुद्धा हुंदके देऊन रडली होती.

बुवांच्या पोतडीत प्रत्येक मरणाचं कारण तयार असायचं. एखादा वर्षभर खितपत पडून गेला, तर मागल्या जन्माचं सगळं इथंच फेडून गेला, म्हणून भाग्यवान. एखादा चालता-बोलता गेला, तर पुण्याई मोठी, देवानं हाल केले नाहीत, म्हणून तोही भाग्यवान. म्हातारा गेला तर सोनं झालं. कोवळं पोर गेलं तर देवाला चांगली फुलं आवडतात. माळी काय सुकलेली फुलं खुडतो होय? देव चुकला, असं एकाही मरणात निघत नसे. मुरबाडच्या कोर्टात एवढा पक्का वकील मिळता, तर एक आरोपी आत गेला नसता. आणि जमलेल्या दोनशे माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की अहो बुवा, हाल झालेला भाग्यवान आणि हाल न झालेलाही भाग्यवान, मग कमनशिबी कोण?

आता कुणी म्हणेल, बुवा लबाड होता. छे. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाच्या मनाला असलं काही लागत नाही. बुवांचा स्वतःचा या सगळ्यावर ठाम विश्वास होता. शेजारच्या गोजरबाईचा दहा वर्षांचा मुलगा साप चावून गेला, तेव्हा फुलांचं सांगताना त्यांचा गळा खरोखरच दाटून आला होता. पुढं तो गळा दर दहाव्याला नेमका त्याच वाक्यापाशी दाटत राहिला, ही गोष्ट वेगळी. त्यांचा शिष्य साईनाथ, जो टमटम चालवायचा आणि बुवांचे टाळ सांभाळायचा, तो तर त्या वाक्याआधीच पाण्याचा तांब्या पुढं सरकवायचा.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत बुवांची एकुलती एक मुलगी अक्षदा गुडघा दुखतो म्हणायला लागली. तेरा वर्षांची पोर, आठवीत, शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. तिची आई वत्सला म्हणाली, शहापूरला डॉक्टरला दाखवून आणू. पण गावात सप्ता तोंडावर आलेला, आणि सप्त्याची सगळी जोडणी बुवांच्या गळ्यात. ते म्हणाले, सप्ता उरकू दे. पोरीच्या गुडघ्याला त्यांनी अंगारा लावला, आणि देव माणसाची परीक्षा घेतो, त्यात रडायचं नसतं, असं तिला समजावलं. सप्ता उरकला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मुरबाडकडं एका हाड बसवणाऱ्याकडं नेली. त्यानं पंधरा दिवस कढत तेलानं गुडघा असा काही चोळला, की पोर किंचाळायची आणि बुवा बाहेर ओट्यावर बसून नामस्मरण करायचे. संक्रांतीनंतर गुडघा नारळाएवढा झाला, तेव्हा कुठं शहापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, खाली ठेवला आणि मुंबईला चिठ्ठी लिहून दिली.

मुंबईच्या हॉस्पिटलात हाडाचा कॅन्सर निघाला. एक तरुण डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, तीन महिने आधी आणायला हवं होतं. रागावून नाही, सहज म्हणाला. बुवांनी ते ऐकलं. वत्सलाबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. गाडीत, घरी, पुढं कधीच दोघांपैकी कुणी त्या वाक्याचा विषय काढला नाही. भांडी आपटण्यात पटाईत असलेली ती बाई त्या दिवसापासून भांडीसुद्धा हळू ठेवायला लागली, आणि बुवांना तेच सहन होईना.

चैत्रात पोरीचा पाय मांडीपासून काढला. देवाला एक पाय पुरला नाही. पावसाळ्यानंतर दुखणं पाठीच्या कण्यात आणि छातीत चढलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घरी आणली, आणि मग सुरू झाली समाचाराला येणाऱ्यांची रांग.

लोक चांगलेच हो. हातात दोन केळी, बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, पोरीकडं बघून डोळ्यांना पदर लावायचे आणि मग बुवांकडं वळायचे. बुवांना धीर द्यायचा म्हणजे काय सोपं काम? सूर्याला दिवा दाखवायचा. तेव्हा लोकांनी सरळ मार्ग धरला. बुवांनी ज्याला जे दिलं होतं, ते त्यानं बुवांना परत केलं. पहिला आला बुवांचा चुलतभाऊ कुंडलिक. त्याचा बाप टेम्पोखाली सापडून चार महिने कण्हत गेला होता, आणि बुवांनी त्याच्या दहाव्याला फेडाफेडीचं प्रवचन लावलं होतं. कुंडलिक खाटेशेजारी बसला, सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "मागल्या जन्माचा काय तरी आसंल, बुवा. फिटला का पोर सुटंल."

बुवांनी सवयीनं मान हलवली. आणि हलवता हलवता त्यांचं लक्ष पोरीकडं गेलं. ती जागी होती. ऐकत होती. चौदा वर्षांची पोर आपण मागल्या जन्मी कुणाचा खून केला असेल याचा हिशेब लावत छताकडं बघत होती.  हे वाक्य आपण किती घरांत, किती आजारी माणसांच्या उशाशी बसून बोललो, हे ते मनातल्या मनात मोजायला लागले. वत्सलाबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी कुंडलिकला एवढंच विचारलं, की पोरीखालची चादर बदलायची आहे, जरा खांद्याला धरता का? कुंडलिकला त्याच क्षणी आपली म्हैस दावं तोडून गेल्याची आठवण झाली. चहासुद्धा न घेता तो गेला.

मग एका दुपारी गोजरबाई आली. ती मात्र चादर बदलू लागली, पोरीचे केस विंचरले, तिच्या तळहाताला तेल लावलं. जाताना दारात थांबून बुवांना म्हणाली, देवाला चांगली फुलं आवडतात, तुमीच सांगितलाव. बुवांना वाटलं, बाई टोमणा मारतेय. मारला असता तर बरं वाटलं असतं. पण तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. नऊ वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली होती. रोज झोपताना मुलाला आठवायचं, फुलाचं म्हणायचं आणि डोळे मिटायचे. आज आपल्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू ती शेजाऱ्याला द्यायला आली होती. आणि बुवांना आठवलं, की ते वाक्य आपल्याला टोकावड्याहून येताना टमटममध्ये सुचलं होतं, एका बागेची पाटी बघून. बाई, ते खरं नाही, मला काही ठाऊक नाही, असं तिला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं असतं तर तिच्यापाशी काय राहिलं असतं? बुवा गप्प बसले, आणि गप्प बसल्याची त्यांना लाज वाटली.

दुखण्याचं काय सांगायचं. मुंबईहून आणलेलं औषध संपलं की इकडच्या गोळ्या म्हणजे वणव्यावर चूळ टाकल्यासारखं. पोर उशीचा कोपरा दातांत धरायची. तिला कुशीवर वळायचं असायचं, पण पाठीचा कणा असा झाला होता, की नुसता हात लावला तरी ती ओरडायची. दोन महिने पोर उताणी पडून होती. पाठीला जखमा झाल्या. त्या वत्सलाबाई कोमट पाण्यानं धुवायच्या, रोज दोनदा. या काळात त्यांनी देवाला हात जोडलेले कुणी बघितले नाहीत, आणि शिव्या दिलेल्याही कुणी ऐकल्या नाहीत. त्यांना वेळच नव्हता. वेळ होता बुवांना. ते देवघरासमोर बसायचे. आधी त्यांनी मागितलं, पोर बरी होऊ दे. मग मागितलं, दुखणं तरी कमी होऊ दे. शेवटी मागितलं, आता घेऊन जा. देवानं तिसरी मागणी तेवढी मंजूर केली, तीही अकरा दिवस उशिरानं.

त्या अकरा दिवसांतली एक दुपार. बुवा शाळेतून जेवायला घरी आले होते. पोर त्या वेळी जरा शांत होती. तिनं त्यांना जवळ बोलावलं.

"बाबा, देव परीक्षा घेतो ना?"

बुवा म्हणाले, हो.

"शाळंत तीन तासानं घंटा व्हते. याची कवा व्हईल?"

बुवा तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागले. पोर म्हणाली, "मंग तुमीच द्या ना."

बुवा न जेवता उठले आणि शाळेत गेले. सव्वादोन वाजले होते. त्यांनी लाकडी हातोडा घेतला आणि सुटीची घंटा दिली, लांबलचक, पाच मिनिटं हात न थांबवता. पोरं दप्तरं घेऊन ओरडत पळाली, मास्तर खडू हातात घेऊन व्हरांड्यात आले. हेडमास्तर पहिल्यांदाच त्यांना बोलले, की महिपत, घड्याळ बघता येतं का तुला? बुवा म्हणाले, चूक झाली साहेब. साहेबांनी ती चूक माफ केली. साहेबच ते.

माघ महिन्यात पोर गेली. घरात बायका रडत होत्या, पुरुष बाहेर बसले होते आणि सगळ्यांचं लक्ष बुवांकडं होतं. आता बुवा काहीतरी म्हणतील. अभंग म्हणतील, निदान हात जोडतील. बुवांनी काही केलं नाही. कुणी म्हणालं, ज्ञानी माणूस आहे, पचवलं. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. ते दहा दिवस बुवा ओट्यावर बसून होते. चहा दिला तर चहा प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत.

आता पेच असा पडला, की दहाव्याच्या बुवांच्या घरच्या दहाव्याला प्रवचन कुणी करायचं? भावकीनं बराच खल केला आणि मान साईनाथला दिला. साईनाथनं आदल्या दिवशी नवीन सदरा शिवून आणला. पोरीवर त्याचाही जीव होता, तिला त्यानं शेकडो वेळा टमटममधून शाळेत सोडलं होतं. पण प्रवचन म्हटलं की त्याच्यापाशी होतं ते एकच, गुरूचं. काळू नदीच्या वाळूत सतरंजी टाकली, कर्णा उंबराला बांधला आणि साईनाथनं सुरुवात केली. शब्द न शब्द बुवांचा. तेच दृष्टान्त, तेच थांबणं, तोच उजवा हात. बुवा ओल्या पंच्यानं पुढंच बसले होते. आपलंच बोलणं आपल्याच पोरीच्या मरणावर त्यांनी तासभर ऐकलं, तेही कर्ण्यातून. फुलांचं वाक्य आलं, साईनाथचा गळा दाटला, त्यानं तांब्यासाठी हात बाजूला नेला. तांब्या सरकवणारा कुणी नव्हता. तेवढ्यापुरतं प्रवचन अडखळलं, बाकी उत्तम झालं, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग भटजींनी पिंड मांडले. भटजींना अकरा वाजता शहापूरला दुसरा दहावा होता, त्यामुळं त्यांचे मंत्र आज जरा वेगानं चालले होते. पिंड मांडून भटजी बाजूला झाले, भावकी दहा-पंधरा पावलं मागं सरली आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली नाही, जीव तृप्त होऊन गेला. नाही शिवला तर घरच्यांनी एकेकानं पुढं व्हायचं आणि वचन द्यायचं, हे बघीन, ते सांभाळीन, म्हणून. कुंडलिकच्या बापाच्या वेळी दुपारचे दोन वाजले होते. बांधावरचा आंबा धाकट्याला देतो, असं कुंडलिक दात-ओठ खात बोलला, तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं कावळा पाठवला होता.

पोरीच्या पिंडाला मात्र वाट बघावी लागली नाही. भटजींची पाठ फिरते न फिरते, तोच उंबरावरून एक कावळा उतरला आणि टुणटुण उड्या मारत पिंडाकडं निघाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बायकांनी हात जोडले. कुंडलिक मोठ्यानं म्हणाला, "बघा, कसलीच इच्छा मागं ठेवली नाय पोरीनं. तृप्त गेली."

बुवा उठले. कुंडलिकच्या काखेतली छत्री त्यांनी हिसकावली आणि ओल्या पंच्यानिशी धावत सुटले. पिंड आणि कावळ्याच्या चोचीत एक वीत राहिली होती. छत्री फाडकन वाळूत बसली, कावळा ओरडत वर गेला. लोकांना आधी वाटलं, कुत्रं आलं असेल. पण कुत्रं नव्हतं. कावळा परत उतरला, बुवांनी परत हाकलला. आणखी दोन आले, त्यांनाही हाकललं. उभ्या जन्मात लोकांनी कावळ्याला काव काव करून बोलावणारी माणसं बघितली होती. हाकलणारा बाप पहिल्यांदाच बघितला.

कुंडलिक पुढं झाला, तर बुवांनी छत्री त्याच्यावर उगारली. "तृप्त गेली? तिला नववीत जायचा व्हता. तिला नुसता कुशीवर वळायचा व्हता. दोन महिने पोर कुशीवर वळायला मागत व्हती, येवढासुदा देवानं दिला नाय तिला. आन तुमी मला सांगता, इच्छा नव्हती?" त्यांनी छत्री वाळूत आपटली. "शिवला तर तुमी सगळी हात जोडून घरी जाल. झाला, संपला, बरा झाला म्हणाल. मी शिवू देणार नाय."

आता आली का पंचाईत. अशा वेळी काय करायचं, हे सांगणारा माणूस या पट्ट्यात एकच, आणि तोच छत्री घेऊन उभा. साईनाथ हळूच जवळ गेला आणि म्हणाला, बुवा, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. बुवा म्हणाले, मला ठाव नसताना शिकवला. भटजींनी घड्याळ बघितलं आणि तोडगा काढला, की दर्भाचा कावळा करून शिवू, शास्त्रात सोय आहे. बुवा म्हणाले, दर्भाचाही नाही. कुंडलिक लांबूनच म्हणाला, की अशानं पोरीचा आत्मा अडकेल. त्यावर बुवा म्हणाले, अडकू दे, माझ्यापाशी राहील.  ऊन वाढलं. कावळे उंबरावर ओळीनं बसून कलकलाट करत होते. म्हातारी माणसं सावली शोधायला लागली. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, बुवाला लागीर झालाय. दुसरा म्हणाला, एवढा धार्मिक माणूस आणि ऐन वेळी असा वागला. जणू ऐन वेळ म्हणजे काय, ते त्याला फार ठाऊक होतं.

तासभर हे चाललं. मग बायकांमधून वत्सलाबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही नवऱ्याच्या पाया पडेल. त्या चालत बुवांपर्यंत गेल्या आणि त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली. बुवांनी दिली. वत्सलाबाईंचा आवाज कधी मोठा नव्हताच, पण सगळे एवढे लक्ष लावून होते, की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"कावळा हाय तो," त्या म्हणाल्या. "भूक लागली आसंल त्याला. खाऊ द्या. आपल्या पोरीचा यात काय नाय. तिला जे पायजे व्हता, ते तुमच्यापाशी नव्हता, देवापाशी नव्हता, तर कावळ्यापाशी कुठून येणार?"

बुवा तिच्याकडं वळले. "तीन महिने आधी न्यायला पायजे व्हता," ते म्हणाले. वर्षभर पोटात ठेवलेलं वाक्य अखेर तोंडातून बाहेर पडलं.

"व्हय," वत्सलाबाई म्हणाल्या. "न्यायला पायजे व्हता."

नाही, तुमची चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. देवाची मर्जी, असंही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांनी त्याला बाजूला नेलं आणि वाळूत बसवलं, आणि स्वतः शेजारी बसल्या. बुवा गुडघ्यात डोकं घालून रडले. त्यात दाटलेला गळा नव्हता, थांबे नव्हते. ऐकवत नव्हतं असं ते ओबडधोबड रडणं होतं. तिकडं चार कावळे उतरले आणि भांडत भांडत त्यांनी सगळा भात संपवला. कुंडलिकचे हात सवयीनं अर्धे वर गेले आणि तसेच खाली आले. भटजी अकराला पोचले नाहीत.

पुढं बुवांनी प्रवचन सोडलं. लोकांना वाटलं, माळही काढतील, मटण खातील, नास्तिक होतील. एवढी मोठी बातमी फुकट गेली, कारण बुवांनी तसलं काही केलं नाही. सकाळी देवघरात दिवा लावायचे. मग तिथंच बसून देवाशी भांडायचे, चांगले मोठ्यानं, शेजारच्या गोजरबाईला ऐकू जाईल असे. देव आहे का नाही, हे त्यांना ठरवता आलं नाही. कधी वाटायचं, नसेलच, आणि मग वाटायचं, नसेल तर मी भांडतोय कुणाशी? देवाशी बोलणं त्यांना सुटलं नाही. त्याच्या वतीनं बोलणं मात्र सुटलं. साईनाथचा धंदा, म्हणजे सेवा, जोरात चालली. दोन हजार तीनपर्यंत त्यानं टमटम विकून जीप घेतली, खिशात मोबाईल आला, आणि एका सकाळी दोन-दोन दहावे उरकायची त्याची ख्याती झाली.

दोन हजार चार साली धसईकडच्या एका पाड्यावर सहा वर्षांचा मुलगा विहिरीत पडून गेला. गावानं साईनाथबुवांना सांगून ठेवलं होतं. पण मुलाची आई, सावळी तिचं नाव, नऊ दिवस ना रडली होती ना बोलली होती, आणि नवव्या दिवशी एवढंच म्हणाली, की ते कावळं हाकलणारं बुवा आणा. बाईच्या हट्टापुढं गावाचा इलाज चालेना. तिचा भाऊ बुवांकडं आला. बुवा नाही म्हणाले. मी आता काही सांगत नाही, म्हणाले. वत्सलाबाईंनी आतून त्यांचा धुतलेला सदरा आणून खुंटीला लावला आणि परत आत गेल्या. बुवा गेले.

नदीकाठी दोनशे माणूस जमलेलं. बुवांना माईकपुढं बसवलं. बुवा बसले आणि बसूनच राहिले. माईकवाल्याला वाटलं कर्णा बिघडला, त्यानं तारा हलवून बघितल्या. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सावळीनं विचारलं, "बुवा, माझा पोरगा का गेला?"

सगळे कान देऊन पुढं सरकले.

"ठाव नाय गो बाय," बुवा म्हणाले. "माझी अक्षदा का गेली, तेबी ठाव नाय. रोज इचारतोय."

प्रवचन एवढंच झालं. सावळी उठून आली आणि बुवांच्या शेजारी सतरंजीवर बसली. मग तिनं मुलाचं नाव घेतलं आणि ती रडायला लागली, आणि बुवा तिथंच बसून राहिले. गावचे मुरब्बी लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकानं तर जीप करून साईनाथबुवांना अजून आणता येईल का, म्हणून माणूससुद्धा पाठवला.

बुवा त्या दिवशी नुसते आले, बसले आणि गेले, काही म्हणजे काही सांगितलं नाही, असं त्या पाड्यावर अजून म्हणतात. सावळीला कुणी विचारलेलं नाही.